पॅकेजचा पैसा आणि कापसाचा भाव

१ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी नागपुरात विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम असा सगळा वऱ्हाड त्यात होता. सहावा जिल्हा वर्ध्याचा. त्याआधी डिसेंबर २००५ मध्ये विलासराव देशमुखांच्या सरकारने याच जिल्ह्यांसाठी १,०७५ कोटींचे पॅकेज दिले होते. दोन्ही मिळून रक्कम पावणेपाच हजार कोटींच्या वर जाते. पिचलेल्या मुलखात सरकारने पैसा ओतावा की नाही, हा वाद त्या दिवसांत रंगला आणि आजही त्या पॅकेजचे नाव काढले की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, एवढा पैसा ओतूनही काही झाले नाही, म्हणजे असा खर्चच व्यर्थ. दुसरा म्हणतो, पैसा कमी पडला. दोघेही चुकीच्या आकड्याकडे बोट दाखवतात, असे माझे मत आहे. वऱ्हाडाच्या बाजारात त्या काळात खरा पैसा खेळला तो २००८ च्या हंगामात, कापसाच्या हमीभावातील वाढीमुळे. ती वाढ कोणत्याही पॅकेजमध्ये नव्हती आणि मंदीवरचा उपाय म्हणून ती कोणी मांडलीही नव्हती.

हे समजायला आधी वऱ्हाडात मंदी येते कशी ते पाहावे लागते. इथे कारखाने बंद पडून मंदी येत नाही. ती पऱ्हाटीच्या बोंडातून येते. कोरडवाहू कपाशीवर जगणाऱ्या या पट्ट्यात वर्षभराची रोख कमाई दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंतच्या चार-पाच महिन्यांत हातात पडते, आणि त्या कमाईवर सालदाराचा साल, कृषी केंद्राची उधारी, किराणा, मुलीचे लग्न, सोसायटीचा हप्ता हे सगळे उभे असते. भाव पडला की ही साखळी एका हंगामात तुटते. १९७२ पासून राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना या भावाला टेकू देत होती. तिच्यात गलथानपणा होता, चुकारे महिनोन्‌महिने रखडत, तोटा साचत गेला, हे सारे खरे. पण ती गुंडाळताना घडलेली एक गोष्ट फारशी कोणी लक्षात ठेवली नाही. २००४ च्या निवडणुकीच्या हंगामात राज्याने चांगल्या कापसाला क्विंटलमागे २,५०० रुपयांपर्यंत भाव दिला. पुढच्या वर्षी त्यातली आगाऊ बोनसाची रक्कम काढून घेतली गेली आणि भाव केंद्राच्या आधारभूत किमतीवर येऊन बसला. लांब धाग्याच्या कापसाची ती किंमत २००५-०६ मध्ये १,९८० रुपये होती, मध्यम धाग्याची १,७६०.

पाच एकर कोरडवाहू कपाशी आणि एकरी तीन-चार क्विंटल उतारा धरला, तर अशा कास्तकाराचा माल पंधरा ते वीस क्विंटल होतो. क्विंटलमागे पाचशे रुपये गेले म्हणजे साडेसात ते दहा हजार रुपये गेले, आणि तेही अशा वर्षी जेव्हा बीटी बियाण्याचे ४५० ग्रॅमचे पाकीट सोळाशे रुपयांच्या पुढे विकले जात होते. ही घट गावागावांत एकाच वेळी झाली. मंदीच्या तोंडावर सरकारने हात आखडता घेणे याला अर्थशास्त्रात काय म्हणतात ते सोडून देऊ; वऱ्हाडात २००५ च्या हिवाळ्यात नेमके तेच घडले होते. दोन्ही पॅकेजेस त्यानंतरची आहेत. जो पैसा भावातून गेला, त्याची भरपाई दुसऱ्या वाटेने करण्याचा तो प्रयत्न होता, आणि ती वाट फार लांबची निघाली.

पंतप्रधानांच्या पॅकेजचे तपशील उघडून पाहिले की ते स्पष्ट होते. ३,७५० कोटींपैकी २,१७७ कोटी, म्हणजे जवळपास ५८ टक्के रक्कम, सिंचन प्रकल्पांसाठी होती. आठ मोठे, नऊ मध्यम आणि ५०७ लघु असे ५२४ प्रकल्प तीन वर्षांत पुरे करून १.५९ लाख हेक्टर जमीन भिजवायची, असे ठरले. ७१२ कोटी थकीत व्याजाच्या माफीला. बंधाऱ्यांना १८० कोटी, बियाणे बदलाला १८० कोटी, फळबागांना २२५ कोटी, जोडधंद्याला, म्हणजे मुख्यतः दुभत्या जनावरांना, १३५ कोटी. आत्महत्याग्रस्त कुटुंबांसाठी आणि अडलेल्यांसाठी जिल्ह्यामागे ५० लाख. सहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याच्या हातात थेट नोट पडेल असे या यादीत हे शेवटचे कलम तेवढे होते, आणि ते सगळ्यांत लहान होते.

सिंचनाच्या २,१७७ कोटींविषयी एक गोष्ट परखडपणे सांगायला हवी. तो पैसा मदत नव्हता, तो थकीत देणे होता. महाराष्ट्रातल्या प्रादेशिक असमतोलाचा हिशेब वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्येच मांडला होता, आणि पुढे निर्देशांक व अनुशेष समितीनेही मांडला. राज्यपालांच्या निर्देशांनंतर बाकीच्या भागांचा सिंचनाचा अनुशेष हळूहळू भरत गेला, तरी शेवटपर्यंत उरला तो अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांचा. तोच भाग पॅकेजच्या मध्यावर होता. वीस वर्षांपूर्वी द्यायचे पाणी २००६ मध्ये मंदीवरचा उतारा म्हणून जाहीर झाले, आणि एकाच रकमेत दोन वेगळ्या गरजा मोजल्या गेल्या. धरणाला भूसंपादन लागते, वन खात्याची परवानगी लागते, पुनर्वसन लागते, निविदा लागतात. पैसा प्रथम ठेकेदाराकडे, यंत्रसामग्रीकडे, सिमेंटकडे जातो. यातले काही चुकीचे नाही. पण त्याचा काळ दहा-पंधरा वर्षांचा असतो आणि कपाशीच्या मंदीचा काळ एका हंगामाचा. तीन वर्षांची मुदत पुढे २०११ पर्यंत वाढवावी लागली, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते.

व्याजमाफीचे ७१२ कोटी बँकांच्या हिशेबात जमा झाले. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता: थकबाकीदाराला नवे कर्ज मिळत नाही, म्हणून थकीत व्याज पुसायचे, मुद्दलाचे हप्ते पाडून द्यायचे आणि खरिपाला पुन्हा दारे उघडायची. ज्याची उधारी बँकेत होती त्याला याचा उपयोग झाला. पण कृषी केंद्र आणि सावकार यांच्या वह्यांपर्यंत ही माफी पोचणारच नव्हती, आणि बँकेतून बाद झालेल्या माणसाचे देणे तिथेच साचलेले होते. जनावरांच्या वाटपाची कहाणी तर वऱ्हाडात अजून सांगितली जाते. संकरित गायींना हिरवा चारा, पाणी, डॉक्टर आणि दूध उचलणारी संघटना लागते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाकडे जाणाऱ्या, चारा विकत घ्यावा लागणाऱ्या घरात ती गाय उत्पन्नाऐवजी खर्च घेऊन आली. योजना आखणाऱ्यांचा हेतू मी वाईट मानत नाही. मात्र अकोल्यासारख्या ठिकाणी राज्याचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून उभे असताना कोरडवाहू घराला कोणते जनावर पेलते, हे आधी विचारणे अवघड नव्हते.

मंदीत सरकारने हात आखडला तर काय होते, याचा याहून जुना आणि याहून कठोर पुरावा वऱ्हाडाकडे आहे. १९२९ नंतर जगभर शेतमालाचे भाव कोसळले. कलकत्त्याचा घाऊक किमतींचा निर्देशांक १९२९ मध्ये १४१ होता, तो १९३३ मध्ये ८७ वर आला, आणि कापूस हा सर्वांत जोराने आपटलेल्या मालांपैकी एक होता. रयतवारी पद्धतीत सारा मात्र रोख रकमेत ठरलेला. भाव निम्म्यावर आला तरी तो उतरत नव्हता. त्याच वेळी दिल्लीच्या सरकारचे अर्थसदस्य जॉर्ज शुस्टर यांनी सप्टेंबर १९३१ मध्ये, आर्थिक वर्षाच्या मध्यावरच, अंदाजपत्रक आणून करांवर २५ टक्के अधिभार बसवला, मिठालाही सोडले नाही, आणि नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात केली. रुपयाची किंमत १८ पेन्सला बांधलेली राहिली. देशभर लोकांनी घरातले सोने विकायला काढले आणि ते जहाजे भरभरून बाहेर गेले. सरकारचा तोल सावरला तो बऱ्याच अंशी या सोन्यावर. पापळसारख्या खेड्यातून आलेले पंजाबराव देशमुख त्या सुमारास मध्य प्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात होते. प्रांताच्या तिजोरीत देण्यासारखे काही नव्हते, म्हणून कायद्याने जे करता येईल ते झाले: १९३३ मध्ये कर्ज लवादाचा कायदा आला, देशातला त्या प्रकारचा पहिला. त्याने जुनी कर्जे तोडून कमी करता आली. मागणी मात्र वाढवता आली नाही. कर्ज निम्मे झालेल्या माणसाचा कापूस तरीही जुन्या निम्म्या भावानेच जात होता. भावाला हात न घालता फक्त कर्जाला हात घालण्याची मर्यादा तेव्हाच दिसली होती. ७५ वर्षांनी तीच मर्यादा पुन्हा दिसली.

२९ फेब्रुवारी २००८ च्या अंदाजपत्रकात पी. चिदंबरम यांनी ६०,००० कोटींची कर्जमाफी जाहीर केली. पुढे ती रक्कम ७१ हजार कोटींच्या वर गेली. पूर्ण माफीला दोन हेक्टरची मर्यादा होती. कोल्हापूर-सांगलीच्या बागायती पाच एकरांत आणि अकोल्याच्या काळ्या पण कोरड्या पाच एकरांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वऱ्हाडात सहा-सात एकरांचा धनी कागदावर मोठा शेतकरी ठरतो आणि व्यवहारात कर्जबाजारी असतो. ओरड झाल्यावर मे महिन्यात कोरडवाहू आणि पॅकेजमधल्या जिल्ह्यांसाठी २० हजार रुपये किंवा २५ टक्के, जी रक्कम जास्त असेल ती सूट, अशी दुरुस्ती झाली. पण उरलेले ७५ टक्के आधी भरा, मग सूट घ्या, ही अट राहिली आणि तिथे अनेकांचे पाय अडखळले.

त्याच वर्षीच्या खरिपासाठी केंद्राने कापसाची आधारभूत किंमत लांब धाग्याला २,०३० वरून ३,००० आणि मध्यम धाग्याला १,८०० वरून २,५०० रुपये केली. एवढी मोठी उडी पूर्वी कधी बसली नव्हती. कापड उद्योगाने जाहीर नाराजी व्यक्त केली. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि जगाच्या बाजारात कापूस खाली घसरू लागला: मार्चमध्ये पौंडाला सुमारे ८० सेंट असलेला आंतरराष्ट्रीय भाव नोव्हेंबरात ५५ सेंटच्या आसपास आला होता. म्हणजे वऱ्हाडातला वेचा जोरात असताना, पहिल्या वेचणीची सीतादहीची पूजा होऊन माल घरात येत असताना, बाहेर दर एक तृतीयांशाने उतरलेला होता. व्यापाऱ्याने त्या भावात हात घातला असता तर २००५ पेक्षा वाईट हंगाम झाला असता. इथे सीसीआय, म्हणजे केंद्राची भारतीय कापूस महामंडळ ही संस्था, उभी राहिली. त्या हंगामात तिने देशभरात ८९ लाख गाठींच्या आसपास कापूस घेतला. महाराष्ट्रात नाफेडच्या वतीने पणन महासंघाचे काटे चालले.

खरेदी केंद्रावर काय घडते ते जवळून पाहिले की पैसा किती लवकर पोचतो ते कळते. गाडी किंवा टेम्पो जिनिंगच्या आवारात रांगेत लागतो. ग्रेडर मालात हात खुपसून मूठभर कापूस ओढतो, धागा ताणून बघतो, ओलावा मोजतो. आठ टक्क्यांच्या वर ओल असली तर कपात, बाराच्या वर असली तर माल परत. मग काटा, पावती आणि, त्या काळी, चुकाऱ्याचा धनादेश. त्या धनादेशातून आधी वेचणाऱ्या बायांची किलोमागची मजुरी जाते, मग कृषी केंद्राची बाकी, मग किराणा दुकान, आणि जे उरते ते कपडे, टिनाचे पत्रे, शाळेची फी, कधी ग्रॅमभर सोने. आठ-पंधरा दिवसांत तीच रक्कम मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोटच्या बाजारपेठेत फिरलेली असते. यात निविदा नाही, लाभार्थ्यांची यादी नाही. पंधरा क्विंटलवाल्याला जुन्या आणि नव्या हमीभावातला फरक १४,५५० रुपयांचा पडतो. २००७-०८ मध्ये बाजारभाव हमीभावाच्या वर होता, म्हणून एवढी सगळी रक्कम वाढीव मिळाली असे म्हणणे प्रामाणिक होणार नाही. खरी तुलना हमीभाव नसता तर नोव्हेंबर २००८ मध्ये काय भाव मिळाला असता त्याच्याशी करायला हवी, आणि त्या तुलनेत फरक फार मोठा आहे.

दिल्लीत आणि मुंबईत मात्र तेव्हा वेगळ्याच गोष्टीला मंदीवरचा खर्च म्हणत होते. ७ डिसेंबर २००८ ला उत्पादन शुल्कात चार टक्क्यांची कपात आणि २० हजार कोटींचा जादा योजनाखर्च जाहीर झाला, २ जानेवारीला दुसरा टप्पा आला, फेब्रुवारीअखेर तिसरा. मोटारगाड्या आणि सिमेंट यांची चर्चा झाली. कापसाचा भाव हा शेतीचा विषय म्हणून दुसऱ्या पानावर राहिला.

यावर पहिला आक्षेप असा की हमीभावाचा लाभ जमिनीच्या आणि मालाच्या प्रमाणात जातो. ज्याच्याकडे जास्त कापूस त्याला जास्त, आणि मजुराला काहीच नाही. पहिला भाग खरा आहे. दुसरा अर्धाच खरा, कारण भाव टिकला की वेचणीचा दर टिकतो आणि शेतकरी शेवटचा वेचा बोंडातच सोडून देत नाही. तरीही भूमिहीनासाठी भाव पुरेसा नाही, हे मान्य करायलाच हवे, आणि त्याचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी शोधले आहे. १९७२ च्या दुष्काळातून वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना उभी राहिली, २६ जानेवारी १९७९ पासून तिला कायद्याचे बळ आले, शहरी नोकरदारांच्या व्यवसाय करातून तिला पैसा मिळाला. खर्चात मजुरीचा वाटा ६० टक्क्यांहून कमी नको हा तिचा नियम मला या सगळ्या वादातला सर्वांत शहाणा नियम वाटतो, कारण पैसा कुणाच्या हातात जाणार ते तो आधीच ठरवून टाकतो. फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्रीय कायदा लागू झाला तेव्हा पहिल्या दोनशे जिल्ह्यांत अमरावती होता. मेळघाटातल्या कोरकू मजुराला पाच महिन्यांनी आलेल्या पॅकेजपेक्षा हा कायदा अधिक जवळचा होता. भाव आणि मजुरी ही दोन्ही टोके धरली तर कोरडवाहू गावातले जवळपास प्रत्येक घर त्यात येते.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. २००८-०९ मध्ये केंद्राची वित्तीय तूट अडीच टक्के ठरवली होती, ती सहा टक्क्यांवर गेली. सीसीआयला पुढे मोठ्या खरेदीदारांना सवलत देऊन गाठी विकाव्या लागल्या आणि तोटा सरकारने सोसला. नंतरच्या दोन वर्षांत महागाई भडकली. यातला सवलतीचा मुद्दा मला खरोखर खटकतो. शेतकऱ्यासाठी सोसलेल्या तोट्यातला काही भाग बड्या व्यापाऱ्याच्या पदरात गेला, आणि विक्रीचे नियम आधीच उघडपणे ठरवले असते तर ते टळले असते. पण तुटीचा बोजा हमीभावावर टाकणे योग्य नाही. कापसाचा साठा ही हातातली वस्तू असते. ती विकता येते, आणि २०१०-११ मध्ये जगात कापूस भडकला तेव्हा पडत्या काळात घेतलेला माल ठेवण्याचे मोल कळले. उत्पादन शुल्कात सोडून दिलेला रुपया असा परत येत नाही.

आत्महत्यांचा आकडा पुढे करून या सगळ्याचा निकाल लावणाऱ्यांशी माझे जमत नाही. सहा जिल्ह्यांत २००६ मध्ये १,४०० हून अधिक नोंदी झाल्या, २००९ मध्ये त्या हजाराच्या आसपास होत्या. या घटीचे श्रेय पॅकेजलाही देऊ नये आणि हमीभावालाही. हजार हा आकडाच भयंकर आहे, आणि प्रत्येक घराचे कारण वेगळे असते. भावाने बाजार सावरतो, एवढाच माझा दावा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. भावाचा पैसा एका हंगामात खर्च होतो, धरण पन्नास वर्षे राहते. मग सिंचनावर खर्च करू नये की काय? करावा, भरपूर करावा, आणि वऱ्हाडावर तर तो व्याजासकट करावा. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाण्यात पसरला आहे. तिथे विहीर खोदून खारे पाणी लागते, ते पिकाला देता येत नाही, त्यामुळे नदीवर पाणी अडवण्यावाचून पर्यायच नाही. पण त्या कामावर मंदीतल्या मदतीचा शिक्का मारला की घाईचे निमित्त मिळते आणि हिशेब मागणारा शेतकरीद्रोही ठरतो. २००९ च्या जून ते ऑगस्टदरम्यान विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेली गेली, आणि पुढे २०१२ मध्ये त्यावरून राज्य ढवळून निघाले. ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी नांदगावपेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला देण्याच्या निर्णयाविरुद्ध अमरावतीकरांना रस्त्यावर यावे लागले. निम्न पेढी प्रकल्प पुरा करण्यासाठी केंद्राने नंतर पुन्हा वेगळ्या योजनेत घेतला आणि डिसेंबर २०१९ ची मुदत दिली. २०१८ मध्ये बळीराजा जलसंजीवनी योजनेखाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रातल्या दुष्काळी भागाच्या ८३ लघु आणि आठ मोठ्या-मध्यम प्रकल्पांना १३,६५१ कोटी मंजूर झाले; अकोला जिल्ह्यातले पूर्णेवरचे घुंगशी आणि नेर-धामणा हे बॅरेज त्या यादीत आहेत, बुलढाण्याचा जिगावही आहे. ३,७५० कोटींच्या पॅकेजला तेव्हा बारा वर्षे झाली होती. त्या बारा वर्षांत कापसाचा भाव दोनदा कोसळला, आणि दोन्ही वेळा घुंगशीच्या आसपासच्या गावांना आपला माल कोरड्या शेतातूनच काट्यावर न्यावा लागला.